बैल उडाले तो आठवडा

सोमवार, १० नोव्हेंबर

बैल उडाले! अंगदच्या व्हिडिओ गेममधली शर्यत सुरू झाली, गाडीवाल्याने आसूड उगारला आणि दोन्ही बैल गाडीसकट पडद्याच्या वरून बाहेर. अंगद माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बेलापूरचा गडी, एरवी हसत बोलतो. आज नाही. "ताई, लई झालं तुमचं इंजिन. माझा खेळ माझ्यापाशी बरा हुता."

सगळ्यांसमोर!

माझं इंजिन म्हणे. अरे, तुझी शर्यत काय नि रेश्माचा बेडकांचा खेळ काय, धावणं-पडणं-आपटणं दोन्हीकडे सारखंच. म्हणून तर ते एकदाच लिहून दोघांनी वापरायचं ठरलं. तूही हो म्हणालास. तेव्हापासून मी त्यातच मान घालून बसलेय.

शौनक दारातून ऐकत होता. स्टुडिओ त्याचा, सावेडीतला हा फ्लॅटही त्याचाच. "शुक्रवारी पुण्याच्या कंपनीची माणसं खेळ बघायला येताहेत, आवडले तर घेतील. तोवर दोन्ही खेळ नीट चालले नाहीत तर इंजिन गुंडाळू. बाजारात तयार मिळतं." म्हणजे मलाही गुंडाळणार. तयार इंजिन आणल्यावर माझं काय काम?

मंगळवार, ११

सापडत नाही. डोकं ठणकतंय. अंगद डबा घेऊन गच्चीवर एकटाच जेवला.

बुधवार, १२

सापडलं! रेश्मा! बेडूक उंच उडत नव्हता म्हणून बाईसाहेबांनी सामाईक इंजिनातलं गुरुत्वाकर्षणच कमी केलं. एका बेडकासाठी सगळ्यांची पृथ्वी हलकी!

आमच्यात रीत आहे — इंजिनाला हात लावण्याआधी उभं राहून मोठ्याने सांगायचं. हरकत असेल तो ओरडतो. "मी सांगितलं होतं ना!" रेश्मा अगदी रडवेली. "उभी राहून सांगितलं. कोणीच नाही म्हणालं नाही." म्हणणार कोण? सगळे खाली चहाला गेलेले! रिकाम्या खोलीची परवानगी घेतली पोरीने. हसू आलं, पण राग जास्त.

दुरुस्त केलं. बेडकाची उडी बेडकापुरती ठेवली, बैल जमिनीवर आले. अंगदला बोलावून दाखवलं. तो बघून म्हणाला, "आज रेश्मा, उद्या आनखी कोन. मी आपली वेगळी चूल मांडतो." म्हणजे इंजिनाची प्रत काढून स्वतःपुरती चालवणार! मग सामाईक राहिलं काय? शौनक ऐकून फोन घेऊन बाहेर गेला. तो असा उठून गेला की मनात काहीतरी ठरलेलं असतं. भीती वाटतेय मला, खरंच.

गुरुवार, १३

बैल नाहीत, बेडूक नाहीत, चित्रं नाहीत — नुसता एक उतार आणि चेंडू. हजारो चेंडू सोडले. एकही अडकला नाही की उडाला नाही. उद्या पाहुण्यांना आधी हेच दाखवणार. दोष इंजिनात नाही हे एकदा सगळ्यांना दिसू दे. अंगदला तर दिसूच दे.

रेश्मा म्हणाली, "अंगददादाला सांगायचं का? त्याचा खेळ पहिला ठरलाय." नको म्हटलं. सगळ्यांसमोर बोलताना त्याने मला विचारलं होतं का?

शुक्रवार, १४

पुण्याच्या दमयंती मॅडम आल्या. शौनकने तोंड उघडायच्या आत मी चेंडू सोडले. अंगद माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मॅडम खुर्ची सोडून पडद्याजवळ आल्या. "हे तुम्ही बनवलंत? इथे नगरमध्ये?" टोमणा होता, पण चालेल! मग प्रश्नांवर प्रश्न, सगळे इंजिनाचेच. शर्यत जेवणाआधी घाईत उरकली. बैल देखणे पळाले, पण मॅडमचं बोलणं माझ्याशीच चाललेलं. बेडूक तर राहूनच गेला.

जिंकले! शौनकने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. आठवडाभरात आज पहिल्यांदा घास गोड लागला.

सोमवार, १७

पुण्याहून होकार आला. त्यांना फक्त इंजिन हवंय. खेळांत रस नाही. शर्यत बंद, बेडूक बंद. महिनाअखेर अंगद आणि रेश्माची नोकरी संपते. मला बढती.

अंगद टेबल आवरत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, खोट इंजिनात न्हवती. मान्य."