डाव्या पायाला काम नसलेली गाडी

पाथरी,
डिसेंबर १९७९

प्रिय वकीलसाहेब,

सप्रेम जय भीम. हे पत्र तुमच्याआधी तुरुंगातले साहेब वाचतील. वाचू देत, त्यांनाही गाडीबद्दल चार गोष्टी कळतील. तुमचे चुलतभाऊ आश्रुबा गेल्या आठवड्यात तुम्हाला भेटून आले, तुमचा निरोप पोचला. त्याचं उत्तर देतेच, पण आधी मंगळवारचं ऐका, नाहीतर ते तुम्हाला पटायचं नाही.

सकाळीच आईंचा दमा उसळला. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणाले, परभणीला न्या, उशीर करू नका. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीमुळे एस.टी. बंद, आणि जीपवाले आपल्या वस्तीत यायला तयार नाहीत. राहिली तुमची विलायती लाडकी! डाव्या पायात जोर नाही म्हणून तुम्ही हैदराबादेहून शोधून आणलेली, क्लच नसलेली, आणि तुमच्याशिवाय कुणाचं न ऐकणारी. आश्रुबाभाऊ ट्रॅक्टर चालवतात, म्हणून त्यांना बसवलं. वेशीपाशी त्यांनी सवयीनं क्लच समजून डावा पाय हाणला, तो पडला त्या रुंद ब्रेकवर. गाडी जागीच गच्च, आणि आई पुढच्या सीटवर आदळल्या. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा तेच. आईंचे ओठ निळे पडायला लागलेले पाहून मी किंचाळलेच. भाऊ घाम पुसत उतरले, "वहिनी, पाय ऐकंना माझा. क्लच न्हाई तं गाडी कशाची ही?"

मग मी बसले. हसू नका. मला कुठलीच गाडी येत नाही, म्हणूनच माझ्या डाव्या पायाला खोड नव्हती. शेजारी बसून तुमच्या तोंडून गाडीचं कौतुक ऐकत आले होते, तेवढंच माझं शिक्षण. पदर खोचला, डावा पाय सीटखाली दडवला, स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी डीवर, म्हणजे पुढं जायच्या खुणेवर, ओढली. गाडी आपसूक सरकायला लागली. मागे भाऊ आईंना धरून बसले होते.

अर्ध्या वाटेत ओढ्याच्या पुलावर टायर जळत होते आणि काठ्या घेऊन नामांतराच्या विरोधातले लोक उभे. मी घाबरून ब्रेक दाबला तशी गाडी गचका खाऊन बंद पडली. कुणीतरी ओरडलं, "आरं, ही तं त्या लंगड्या वकिलाची गाडी हाय!" बॉनेटवर काठी बसली. मी चावी फिरवली, आवाजच नाही. पुन्हा फिरवली, नाही. भाऊ म्हणाले, उतरून धक्का मारतो. ही धक्क्यानं चालू होत नाही, हे मला ठाऊक होतं. आईंच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. मग डोक्यात उजेड पडला, की दांडी एनवर, न्यूट्रलला, असल्याशिवाय ही बया जागी होत नाही. एनवर आणली, सुरू झाली. आता मागं घ्यायची. तो मागं जायचा आर सगळ्यात शेवटी, हळू पुढं जायच्या एलच्याही पलीकडं, आणि मी घाईत एलवरच थांबले! ब्रेक सोडला, तर गाडी घुरघुरत पुढं, त्यांच्याच अंगावर. ते बिचकून बाजूला झाले; त्यांना वाटलं, बाई घालतेच. तेवढ्यात दांडी शेवटपर्यंत ओढून मी गाडी मागं घेतली. एक काच फुटली. कापसाच्या रानातल्या गाडीवाटेनं वळसा घेऊन परभणी गाठली. आईंना ऑक्सिजन लावला. आता त्या घरी आहेत, काल निम्मी भाकरी खाल्ली.

आता निरोपाचं. पुन्हा सत्याग्रहात जाणार नाही असं लिहून देऊन तुम्ही बाहेर यायचं ठरवलंय, कारण आईंना दवाखान्यात न्यायला घरात कुणी नाही. आईंना सांगितलं, तर त्या चिडल्या, "माझं नाव पुढं करून सही करू नको म्हनावं त्याला." मला तुम्ही हवे आहात, अगदी आजच्या आज, हे खोटं कशाला बोलू? तरी सही करू नका. सोमवारी आईंना पुन्हा परभणीला दाखवायचंय. मी नेते.

तुमचीच,
गीता