माळ्यावरचा डबा

प्रिय सानिका,

गोड बातमी आहे, म्हणून शेजारच्या वेदिकाच्या वहीचा कागद मागून लिहायला बसलेय. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर वेडंवाकडं येईल, हसू नको. अगो, यंदा आपल्या मांडवात एकसुद्धा पडवळ किडकं नाही! सगळी सरळसोट. टोकाला दगड बांधला की झालं, असं मला वाटायचं. पण दगड पडवळ सरळ करतो, अळीला थोडाच अडवतो?

दापोलीहून तू पाठवलेले, फळात अंडी घालणाऱ्या माशीचे सापळे टांगलेत. रोज चहाच्या आधी जाऊन बघते. मेल्या माशांचा नुसता खच पडतो! मालन पडवळं रत्नागिरीच्या बाजारात नेते, ती विचारते, काकी, ही काय जादू? मी सांगते, माझ्या नातीची. आणि डागाळलेलं, गळलेलं फळ आता बांधावर फेकत नाही, खोल खड्ड्यात पुरते. इतकी वर्षं बांधावर टाकून आम्हीच माशा पोसत होतो, बघ. फवारणीचा पंप गोठ्यात पडलाय, त्यात पालीने अंडी घातलीत.

तुझ्या आप्पाआजोबांना जाऊन वर्ष होईल. बाराव्याला आलीस, कोपऱ्यात बसलीस आणि गेलीस, ती परत आली नाहीस. सांजवेळी मी अजून दोन कप चहा ठेवते. मग एक टाकून देते.

तुला काय डाचतं ते मला ठाऊक आहे. गेल्या श्रावणात तू फोनवर त्यांना ताडताड बोललीस. डबाभर सापळे पाठवले तरी विषच मारता, आता माझ्याशी बोलू नका, म्हणालीस. दुसऱ्या दिवशी फवारताना ते मांडवाखाली कोसळले. पोरी, ते हट्टी नव्हते. डबा त्यांच्या हाती गेलाच नव्हता. पोस्टमनकडून मी घेतला, मला पोरखेळ वाटला, माळ्यावर सुपांच्या मागे सारला. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, कसला डबा गो? मी म्हटलं, कसला नाही. वर्षभर हे कुणाला बोलले नाही. यंदा डबा खाली काढला, आणि पडवळं चांगली धरली तसं जेवण जाईना.

राग धरायचा तर माझ्यावर धर. ते तुझ्यावर रागावले नव्हते. त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाले, पोर कशाने चिडली कोण जाणे, गणपतीला आली की विचारू.

गणपतीला ये.

तुझीच,
आजी