गुठळीची घडण

मंगळवार, संध्याकाळ. चंदनसार.

आज बायकोने वरवंटा फेकून मारला. विळी मी लपवली होती, वरवंट्याचं सुचलंच नाही. भुवई फुटली. माझा भाऊ हिला झालेल्या याच अल्झायमरने गेला, पण तो गप्प बसून असायचा. मग हिलाच एवढा राग का? डॉक्टर म्हणाले, मेंदूत प्रथिन तेच साचतं, पण त्याच्या गुठळीची घडण प्रत्येकात वेगळी असू शकते. रोगाची तऱ्हा बहुधा त्यानेच बदलते.

मुलगा म्हणतो, "बाबा, आईला संस्थेत ठेवू." मी घडणीचं सांगितलं, तिचा दोष नाही म्हटलं.

"वरवंट्याला कळतं का ते?"

घडण वेगळी, एवढंच. पण भीती वाटते.

आत्ता हिने माझी पट्टी पाहिली. "कोनी मारला तुमाला? दाखवा, हात मोडते त्याचा." काठी घेऊन दाराशी राखणीला बसली आहे. मी आतून कडी लावून लिहितोय. मुलाला मात्र नाहीच म्हणणार.