घरच्या कपड्यांतला संप

शुक्रवार, दुपार
धुलाईघर, बॉयलरच्या बाजूची खोली

ती. आईंना नमस्कार.

'आई' लिहावं की 'मेट्रनबाई', यात पहिला कागद फुकट गेला. मेट्रनबाई लिहिलं की रजेचा अर्ज वाटतो. आई म्हणायची परवानगी तुम्ही मला कधी दिलेली नाही, हे माझ्या लक्षात आहे. पण रागवायचंच असेल तर जावयावर रागवणं सोपं जाईल, म्हणून हाच शब्द ठेवला. तुमच्या गुडघ्याला आता बरं असेल. आम्ही दोघं ठीक आहोत. ठीक म्हणजे तुमची लेक संपावर आहे आणि मी कामावर आहे.

परिचारिकांनी काम बंद केलं असं वर्तमानपत्रात आलंय, ते तुम्ही वाचलं असेल. ते बरोबर नाही. काम चालू आहे, बंद आहे तो गणवेश. मंगळवारपासून कंत्राटावरच्या सगळ्या जणी घरच्या कपड्यांत येतात, ॲप्रन बांधतात आणि कामाला लागतात. आम्ही जर तुमच्या कायमच्या माणसांत मोडत नाही तर तुमचा गणवेशही तुमच्याकडेच ठेवा, असं त्यांचं म्हणणं. प्रसूतिगृहाचं दार एकदाही लागलेलं नाही. "कळा काही संपावर जात नाहीत," असं तुमची लेक सभेत म्हणाली. टाळ्या पडल्या. मी मागे चादरींची गाडी घेऊन उभा होतो, मीही वाजवल्या.

गोंधळ मात्र फार होतो. एका बाळंतिणीच्या सासूबाईंनी थोरल्या सिस्टरना दारातच अडवलं, "भेटायची वेळ चारनंतर." सिस्टर म्हणाल्या, "बरं, मग सुनेचं तुम्हीच बघा," आणि वळल्या. सासूबाईंनी धावत जाऊन त्यांचा हात धरला, तो बाळ होईपर्यंत सोडला नाही.

माझ्याकडूनही एक चूक झाली. मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखे सगळे गणवेश इस्त्री करून वॉर्डात नेले आणि खुंट्यांवर ओळीने टांगून आलो. हात चालत होता, डोकं नव्हतं. रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी ती ओळ पाहिली आणि वर फोन करून कळवलं की संप मिटला. दुपारपर्यंत सगळ्या रुग्णालयात झालं की तुमच्या लेकीचा नवरा साहेबांच्या बाजूचा आहे. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी नवरा केला होता, इस्त्री नाही."

मी शाळा नववीत सोडली. तेव्हापासून मला प्रश्न जास्त पडतात. तुम्ही निवृत्त होईपर्यंत एवढी वर्षं या कामात घालवलीत, म्हणून तुम्हाला विचारावेसे वाटतात.

नव्या इमारतीचं उद्घाटन झालं तेव्हा प्रसूतिगृहात खाटा वाढल्या. हे मला माझ्या बाजूने कळतं, कारण चादरी वाढल्या. पण सिस्टर होत्या तेवढ्याच राहिल्या, वर दोघी सोडून गेल्या. म्हणजे तिघींच्या कळा एकदम सुरू झाल्या तर तिघींमध्ये एकच माणूस पळतं. मी कार्यालयात कारकुनांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "खाटांचा निधी वेगळा, माणसांचा वेगळा. खाटांचा आला." मी विचारलं, मग बाळ कोणत्या निधीत येतं? ते हसले आणि त्यांनी मला चहा पाजला. तुमच्या वेळीही असंच होतं का? की तेव्हा आधी माणसं येत आणि मग खाटा?

दुसरं. फाटकासमोरच्या भिंतीवर परदेशातल्या नोकऱ्यांची मोठी जाहिरात लागली आहे. तुमच्या लेकीच्या वर्गातल्या निम्म्या जणी तिकडे म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतात. बाळंतपणं करायला शिकलेल्या मुली. त्यांतली एक परवा फोनवर सांगत होती की तिकडे एका सिस्टरकडे चारच रोगी असतात. तुमच्या लेकीने विचारलं, "आणि बाकीचे कुठे ठेवतात?" दोघी खूप हसल्या. फोन ठेवल्यावर हिने दुसऱ्या दिवशीचा ॲप्रन घडी करून ठेवला. तिने ती जाहिरात पाहिली आहे का, असं मी विचारलं. म्हणाली, "रोज त्या भिंतीवरूनच जाते ना रे." यापुढे विचारायचं मला धैर्य झालं नाही.

तिसरं मला सगळ्यात नवलाचं वाटतं. अकरा महिन्यांनी कंत्राट संपतं, मधे एक दिवस मोकळा सोडतात आणि पुन्हा नवं कंत्राट करतात. त्या एका दिवशी ती कोण असते? गेल्या खेपेला त्याच दिवशी वॉर्डात कोणी नव्हतं, म्हणून तिला घरून बोलावून नेलं. तिने एक बाळंतपण केलं आणि परत आली. ते बाळ मग कोणी काढलं म्हणायचं?

तुम्हाला हा गणवेशाचा प्रकार आवडलेला नसणार. तुमच्या वेळच्या गोष्टी मला हिने सांगितल्या आहेत. रात्रपाळी करणारी बाई म्हणून तुम्हाला कोणी खोली भाड्याने देत नसे. ठरत आलेली लग्नं मोडत. तुम्ही तोच पांढरा गणवेश कडक इस्त्रीचा घालून भर बाजारातून चालत जायचात, आणि हळूहळू लोक वाट देऊ लागले. एवढ्या कष्टाने मिळवलेला मान मुलींनी आपण होऊन खुंटीला टांगला, असं तुम्हाला वाटत असेल. आमच्या लग्नाच्या वेळीही तुम्ही म्हणाला होतात, "तीस वर्षं मिळवलेला मान माझ्या लेकीने धुलाईला टाकला." मला ते लागलं. पण वाक्य चांगलं होतं हे मान्य करतो.

काल दुपारी साहेबांच्या शिपायाने कपड्यांचा एक गठ्ठा आणला. जुने गणवेश, पेटीतून काढलेले, घड्यांवर पिवळे पडलेले. सोमवारपर्यंत हवेत म्हणाला. निवृत्त सिस्टर येऊन वॉर्ड सांभाळणार आहेत आणि जी गणवेशाशिवाय येईल तिला साहेब फाटकातच अडवून तिचं कंत्राट थांबवणार आहेत. एका गणवेशाच्या कॉलरला आतून निळ्या दोऱ्याची खूण होती. तुमची लेकही तिच्या कॉलरला तशीच खूण करते, आईकडून शिकले म्हणते. म्हणून मला कळलं तो कोणाचा.

बॉयलरवाले काका म्हणाले, "नीळ जास्त पडली म्हणून सांग. ओले राहिले म्हणून सांग. काहीही सांग." मी तसं केलं नाही. तुमचा गणवेश धुऊन, खळ घालून ठेवला आहे. डाग निघाले. सोमवारी सकाळी तो तुम्हाला मिळेल, या पत्राचं तुम्ही काहीही केलंत तरी.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. इतका वेळ मी खाटा आणि चादरी मोजत बसलो, कारण हे लिहिलं की परत घेता येणार नाही.

तुमची लेक गरोदर आहे. सहावा महिना चालू आहे.

रुग्णालयात हे कोणाला सांगितलेलं नाही. कंत्राटावर बाळंतपणाची रजा नसते. मागच्या वर्षी एकीने सांगितलं, तर मोकळ्या दिवसानंतर तिला नवं कंत्राटच मिळालं नाही. हिचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतं. म्हणून तिचा गणवेश दोन्ही बाजूंनी मी थोडाथोडा उसवत आणला. आता उसवायला कापड उरलं नाही. वॉर्डातल्या इतर जणींना कळलंच असणार, त्यांचं कामच ते आहे, पण कोणी बोलत नाही. साहेब डॉक्टर आहेत, त्यांना अजून दिसलेलं नाही.

गणवेश सोडायची कल्पना सभेत हिनेच मांडली होती. मी तिला विचारलं, हे तू हक्कासाठी म्हणालीस की पोटासाठी? म्हणाली, "दोन्हींसाठी. तुला एकच कारण कशाला हवं?"

पण मला भीती वेगळीच आहे. तिला तपासणारं कोणी नाही. आपल्याच रुग्णालयात नाव घातलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल. शहरातल्या, आम्हाला परवडेल अशा एकाच खासगी दवाखान्यात साहेब स्वतः संध्याकाळी बसतात. ती आपला रक्तदाब आपणच घेते आणि मला म्हणते, "चांगला आहे." तिच्या पायांना सूज येते. चप्पल काढली की पट्ट्याचा वळ तसाच राहतो. मी विचारलं, हे बरं का? म्हणाली, उभं राहून येते. असेल तसं. मला कळत नाही, आणि जिला कळतं तीच मला सांगते आहे, म्हणून मला खरं मानता येत नाही. दुसऱ्या एखाद्या बाईच्या पायांना अशी सूज दिसली असती तर ती काय म्हणाली असती, हे तिला विचारलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

रविवारी तिला सुट्टी आहे. तुम्ही घरी येऊन तिला एकदा तपासा. तिला हे काम तुम्हीच शिकवलंत. ती मला टाळू शकते, तुम्हाला टाळता येईल असं वाटत नाही. सोमवारी तुम्ही फाटकाच्या कोणत्या बाजूला उभ्या राहाल ते मी विचारत नाही. त्याचा आणि याचा संबंध मी लावणार नाही, तुम्हीही लावू नका.

साहेबांची आणि तुमची जुनी ओळख आहे, हे माहीत असून लिहितो आहे. मी लिहिल्याचं तिला माहीत नाही. तुम्हाला ही गोष्ट पोटात ठेवता येणार नसेल, साहेबांना सांगणं तुमचं कर्तव्य वाटत असेल, तर मला आधी एक निरोप पाठवा. म्हणजे तिला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत मी स्वतः सांगेन, की तुझ्या आईला मी सांगितलं.

आमचं घर वरच्या मजल्यावर आहे आणि जिन्याला कठडा नाही. गुडघ्यामुळे चढणं जड जाईल. तुम्ही खालून हाक मारा, मी उतरून हात देईन.

तुमच्या मुलीचा नवरा,
आणि तुम्ही म्हणाल त्या दिवसापासून
तुमचा जावई