केशरी डाग, प्रती वीस

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा शाईने माखलेल्या हातांनी नमस्कार. (कोपऱ्यातल्या अंगठ्याकडे दुर्लक्ष कर.) गुडघा कसा आहे? जिना तू चढू नकोस, भावजींना चढायला लाव. इकडे सगळे मजेत. तू विणलेला स्वेटर जिवापाड जपलाय. कामावर घालून त्याची रया घालवण्याइतका मी कृतघ्न नाही.

तुला ठाऊकच आहे, तीस वर्षं मी छापखान्यात फॉर्म आणि पावत्या छापल्या. टाचणीएवढा डाग पडला तरी साहेब आकाशपाताळ एक करायचे. छापखाना बंद पडला, आता मी एका चित्रकार बाईंच्या हातयंत्रावर असतो. बाई प्लेटवर रंग लावतात, मी कागद ठेवून चाक फिरवतो. चित्र कशाचं, असं विचारायचं नसतं. (मी पहिल्याच दिवशी विचारलं. तेव्हापासून मी ‘पावतीवाले’.) त्यांच्या मते रंग मनातून थेट हातात यायला हवा, मध्ये डोकं आलं की चित्र मेलं. या कामाला मी अगदी लायक, असं तुझी भावजय म्हणते.

सोमवारी बाईंनी अख्खी प्लेट निळी केली आणि चहाला गेल्या. मी कागद घ्यायला वाकलो, तर डावं कोपर केशरी शाईत टेकलं. दचकून उचललं ते थेट निळ्यात! घाबरून मी चाक फिरवून टाकलं. (छापून टाकलं की डाग मिटतो, असं वाटलं असावं. डोकं मध्ये नव्हतंच.) बाई आल्या, कागद उजेडात धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. मी कोपर दाखवून कबुली दिली, तर म्हणाल्या, वा, पावतीवाले! तीस वर्षांत माझ्या छपाईला कुणी वा म्हटलं नव्हतं गं. खोटं कशाला सांगू, घरी जाताना रडलो.

आणि मग त्या म्हणाल्या, प्रदर्शनासाठी हुबेहूब अशाच आणखी एकोणीस काढा.

आता न ठरवता पडलेला डाग ठरवून एकोणीस वेळा कसा पाडायचा? गाणं गुणगुणत टेकलो, डोळे मिटून टेकलो. डबा द्यायला आलेल्या तुझ्या भावजयीने मागून धक्काही दिला (तो मात्र अगदी मनापासून होता). पण प्रत्येक ठशात बाईंना ‘विचार’ दिसतो. माझ्यावर असा आरोप जन्मात पहिल्यांदाच होतोय. पुढच्या सोमवारपर्यंत जमलं नाही, तर त्या दुसरा माणूस बघणार आहेत. या वयात मला कोण घेणार, ताई? झोप उडालीय.

भावजींना नमस्कार, तुला काळजी.

तुझा,
पावतीवाला

ता. क. : त्या दिवशी थंडी होती. स्वेटर अंगात होता. ठसा कोपराचा नाही, तुझ्या विणीचा आहे. डाव्या कोपरावर टाका सुटून भोक राहिलंय ना (जे मी दाखवलं म्हणून तू तीन महिने अबोला धरलास), तिथे निळा ठिपका उमटलाय. बाई म्हणतात, तोच चित्राचा प्राण.

आ. ता. क. : भावजयीने शाई काढायला स्वेटर उकळत्या पाण्यात टाकला. आता तो बाहुलीला होईल. बाजारचा घालून पाहिला, त्यात एकही चूक नाही. तरी शनिवारपर्यंत एक पाठव. अख्खा नको, डावी बाही पुरे.

शेवटचं : चूक मुद्दाम करू नकोस, बाईंना लगेच कळतं. तू आपली नेहमीसारखीच वीण.