दत्तूच्या कादंबरीतला खुनी

मंगळवार, दिवेलागण

आज मी लबाडी करायला निघालो होतो. इथं तरी खरं लिहावं.

आमच्या जळकोटच्या वाचनालयाची रहस्यकादंबऱ्या पारखायची पद्धत अशी, की निम्मं पुस्तक झालं की परीक्षकानं खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकीट चिकटवायचं. नाव बरोबर निघालं तर लेखकाचे गुण कापायचे.

यंदा माझ्या वाट्याला दत्तूची कादंबरी आली. शाळेत एका बाकावर होतो आम्ही. कविता म्हणताना तो दुसऱ्याच ओळीला अडखळायचा, मी खालून पुढची सांगायचो. वर्गात कवी म्हणून नाव माझं. अन् पुस्तक निघालं त्याचं!

चिठ्ठीवर मी ऊसतोडीच्या मुकादमाचं नाव लिहिलं होतं. खुनी निघाली रडून रडून आवाज बसलेली मयताची आई. अंगावर काटा आला. मग वाटलं, चिठ्ठी बदलून आईचं नाव लिहावं, म्हणजे दत्तूचे गुण कापले जातील. कुणाला कळणार?

पाकीट उकलतच होतो, तेवढ्यात आतून ही ओरडली, "अहो, दत्तूभाऊजींचं पुस्तक परत करू नका! तीस पानं राहिलीत. भाकर करपली त्याच्यापायी."

माझी एक कविता हिनं कधी शेवटपर्यंत ऐकली न्हाय.

"खुनी कोण वाटतो?" मी विचारलं.

"मुकादमच की! लई डांबरट मुडदा हाय."

तिलाही फसवलं त्यानं. मी चिठ्ठी तशीच ठेवून पाकीट पुन्हा चिकटवलं. दहापैकी नऊ गुण दिले. दहावा काही केल्या हातून सुटेना. शेऱ्यात लिहिलं, भाषेत काव्य कमी आहे.