बाबांनी निवडलेला टायर

शनिवार, नोव्हेंबर. क्लोनडॉकिन.

बाबांचा तो अंगठा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

गेल्या आठवड्यात प्लांटवर कामाला जाताना ओल्या वळणावर माझी सायकल घसरली, म्हणून आज हिवाळ्यासाठी टायर घ्यायला गेले. सांगलीहून इकडे परदेशात माझ्याकडे आलेले बाबा बरोबर होते. तीस वर्षं त्यांनी ट्रकचे झिजलेले टायर नवं रबर चढवून रिमोल्ड केले, पण त्यांचं मत घ्यावं असं माझ्या मनातही आलं नाही. मी खोल नक्षीचा टायर उचलला. त्यांनी तो अंगठ्याने दाबला आणि परत ठेवला. मग डोळे मिटून एकेक टायर दाबत गेले.

"हा घे. नक्षी नुसती दिसायला. रस्ता धरतंय ते मऊ रबर."

दुकानदार म्हणाला, "बरोबर निवडलाय त्यांनी. हिवाळ्यात मीही हाच वापरतो."

नुसत्या अंगठ्याला एवढं कळतं? आणि चाळिशीला आले तरी मला हे ठाऊक नव्हतं?

टायर बसवून घेतले आणि भर पावसात मुद्दाम त्याच वळणावरून गेले. सायकल जराही सरकली नाही. घरी येऊन सांगितलं, तर बाबांनी एवढंच विचारलं, "हवा किती भरलीस?"

"फुल्ल."

"थोडी सोड. ओल्यात चाक जरा बसलं पायजे."

एरवी मी वाद घातला असता. आज चाकाशी उकिडवी बसले आणि म्हटलं, "किती सोडू, बाबा?"